अकरा वर्षांच्या विश्वासू माणसाने उधारी खाल्ली. आता वसुली कशी करू?

द्राक्षवेल (१९ मे, रात्री ११:१०)

निफाड तालुक्यात आमचं खत-औषधांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, गेली नऊ वर्षं मी बघतो. आमच्याकडचा धंदा कसा चालतो ते माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीपासून बागाईतदार औषधं उधारीवर नेतो, आणि माल विकला की फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पैसे देतो. वसुलीला आमचा एक माणूस मोटारसायकलवर गावोगाव फिरतो. वडिलांनीच ठेवलेला, अकरा वर्षांपासूनचा. त्याला सगळे भाऊच म्हणतात. माझ्या लग्नात आहेराची वही त्याच्याकडे होती.

मागच्या आठवड्यात एका साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो. शेजारी आमचा एक खातेदार. त्याच्या नावावर ४२ हजार बाकी. मी सहज म्हटलं, "काका, यंदा जमवा जरा." ते जिलबी हातात धरूनच माझ्याकडे बघत राहिले. "अरे, मार्चातच दिले की भाऊकडे!" दुसऱ्या दिवशी पावती घेऊन आले. आमच्याच दुकानाची, आमचाच शिक्का, पावती नंबर ११४३. आमच्या दुकानातलं पुस्तक अजून ८७० वर आहे.

तेव्हापासून रात्री झोप नाही. घरोघर फिरून आतापर्यंत ३७ खाती तपासली. १४ लाख ६० हजार निघालेत आणि अजून दोन गावं बाकी आहेत. भाऊला विचारलं तर आधी कानावर हात, मग रडला, मग पाया पडला. त्याचा मेहुणा म्हणतो, स्टँपवर लिहून देतो, हप्त्याने फेडू, पोलिसांत जाऊ नका. वडील म्हणतात, मिटवून टाक. बायको म्हणते, फिर्याद दे. तुम्ही काय म्हणता? पैसे परत येतात का कधी?

तर्री (१९ मे, रात्री ११:२२)

येतात. पण तोपर्यंत आपले केस जातात.

औषधवाला_मिरज (१९ मे, रात्री ११:५०)

द्राक्षवेल, आधी पाणी प्या. माझं होलसेल मेडिकल आहे, मी यातून गेलोय. आमच्या माणसाने एक्स्पायरीच्या परताव्यात हात मारला होता. दुकानदार मुदत संपलेला माल परत देतो, त्याची क्रेडिट नोट निघते, म्हणजे तेवढी रक्कम त्याच्या बाकीतून वजा होते. हा पठ्ठ्या परत न आलेल्या मालाच्याही क्रेडिट नोटा काढायचा आणि त्या दुकानांचे पैसे रोखीने घेऊन खिशात घालायचा. पार्टीचं खातं चोख जुळायचं, म्हणून तीन वर्षं कळलं नाही.

मी एकच चूक केली. पहिल्या दिवशी रागाने त्याला हाकलून दिलं आणि त्याचा कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला. दोन दिवसांनी कळलं, घरूनच लॉगिन करून त्याने निम्म्या नोंदी उडवल्यात. त्यामुळे आज रात्रीच पासवर्ड बदला, टॅलीच्या (हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या) डेटाची कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन घरी ठेवा, आणि बँकेत त्याचं नाव कुठे असेल तर काढा. फिर्याद, स्टँप वगैरे नंतर.

पायरीवरचा_वकील (२० मे, सकाळी ८:०५)

मिरजवाल्यांनी पहिलं पाऊल बरोबर सांगितलंय. आता कायद्याचं, जमेल तितक्या साध्या भाषेत.

ज्या शेतकऱ्यांनी भाऊकडे पैसे दिले, त्यांच्याकडे पुन्हा मागू नका. अकरा वर्षं तुम्हीच त्याला वसुलीला पाठवलंत, शिक्का तुमचा, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने पैसे तुम्हालाच मिळाले. कायद्याच्या दृष्टीनेही तसंच. नुकसान तुमचं आहे, शेतकऱ्याचं नाही. ते लोक आता तुमचे साक्षीदार आहेत, त्यांना दुखवू नका. प्रत्येकाकडून पावतीची झेरॉक्स आणि दोन ओळींचं सहीचं पत्र घ्या: अमुक तारखेला, अमुक रक्कम, अमुक माणसाकडे रोख दिली. मूळ पावती त्यांच्याकडेच सुरक्षित राहू द्या, तपास अंमलदार पंचनामा करून घेईल.

नोकराने मालकाच्या पैशांचा अपहार केला तर तो साधा विश्वासघात धरत नाहीत. १ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या पैशांसाठी जुन्या दंडसंहितेचं कलम ४०८, त्यानंतरच्यासाठी भारतीय न्याय संहितेचं ३१६(४). दोन्हीकडे शिक्षा सात वर्षांपर्यंत. हिशेबात खाडाखोड किंवा खोट्या नोंदी असतील तर त्याचं वेगळं कलम लागतं. अपहार दोन्ही काळांत पसरला असेल तर फिर्यादीत तारखांप्रमाणे तक्ता द्या.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकायला मिळेल: "हा दिवाणी मामला आहे." वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि तरीही हलले नाहीत तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पूर्वी आम्ही फौजदारी प्रक्रिया संहितेचं "१५६(३)" म्हणायचो, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७५(३) आहे. सोबत शपथपत्र लागतं.

आणि हो, तुमचा खरा प्रश्न. फिर्यादीने शिक्षा होऊ शकते. पैसे मिळतीलच असं नाही. वसुलीचा दावा दिवाणी कोर्टात वेगळा लावावा लागतो.

दातांची_डॉक्टर (२० मे, सकाळी ९:३१)

ठाण्यात माझं क्लिनिक आहे. रिसेप्शनिस्टने दीड वर्षात साधारण पावणेतीन लाख. मी फिर्याद दिली नाही. तिच्या आईवडिलांना बोलावलं, आईने पाटल्या मोडल्या आणि दोन लाख आणून दिले. त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही. उरलेले मी सोडले. चूक की बरोबर, माहीत नाही, पण दोन महिन्यांत विषय संपला आणि मी पेशंट बघायला लागले.

सोलापुरी_चादर (२० मे, सकाळी १०:१२)

@दातांची_डॉक्टर, तुमच्यासारख्यांमुळेच हे लोक पुढच्या दुकानात जाऊन तेच करतात. मी २०१७ साली गुन्हा नोंदवला. अजून साक्षी चालू आहेत. कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्याने मला उधार खातं उघडून दिलंय. पण त्या माणसाला गावात कुणी गल्ल्यावर बसवत नाही, हे समाधान आहे.

तर्री (२० मे, सकाळी १०:१५)

चहावाल्याची उधारी कोण वसूल करतं ते बघा फक्त.

बाकावरची (२० मे, दुपारी १:४०)

मी गेली सोळा वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांत हिशोब लिहिते. एक दुसरी बाजू मांडते, राग मानू नका. भाऊला पगार किती होता? मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसे मिळत होते का? प्रॉव्हिडंट फंड भरत होतात का? बऱ्याच दुकानांत मालक स्वतः गल्ल्यातून हजार-पाचशे उचलतो आणि "लिहून ठेव" म्हणायचं विसरतो. संध्याकाळी रोजमेळ जुळत नाही तेव्हा घाम आम्हाला फुटतो. एकदा माझ्यावर ६,००० चा आळ आला होता. चार दिवसांनी शेठच्या मुलाच्या जीन्समध्ये निघाले. कुणी माफी मागितली नाही.

भाऊने केलं ते चुकीचंच. पण १४.६० लाखांतला आकडा न् आकडा त्याच्याच नावावर टाकण्याआधी घरातले हात मोजा.

द्राक्षवेल (२० मे, रात्री १०:०२)

बाकावरची ताई, लागलं, पण मान्य. पगार १४ हजार, पेट्रोल वेगळं, फंड नाही (आम्ही चौघेच आहोत). आणि हो, माझा धाकटा भाऊ गल्ल्यातून घेतो. पण हे पैसे गल्ल्यात आलेच नाहीत, बाहेरच्या बाहेर गेले, त्यामुळे तो हिशोब वेगळा राहतो. पावत्यांवर सह्या भाऊच्याच आहेत.

पासवर्ड बदलले. आज अजून ४ खाती निघाली. एकूण १६ लाख १० हजार.

पमाताई (२० मे, रात्री १०:२०)

एवढे पैसे गेले कुठे? घर बांधलं का?

द्राक्षवेल (२० मे, रात्री १०:४१)

मोबाइलवरचा रमी. मेहुण्याने सांगितलं. घरात साधा कूलरही नाही हो.

म्हापशेकार (२१ मे, सकाळी ७:५०)

आमच्या म्हापशाच्या बारमध्ये कॅश कुणी खात नाही, क्यूआर खातात. वेटरने काउंटरवरच्या कोडवर स्वतःचा कोड चिकटवला होता, फक्त शनिवार-रविवार संध्याकाळी. सोमवारी सकाळी काढून ठेवायचा. स्पीकरचा डबा बोलत नाही म्हणून विचारलं तर म्हणे, "पात्रांव, चार्जिंग सोंपलां." आता डबा आणि कोड दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर, आणि डबा बोलला नाही तर बिल सुटत नाही.

नव्या_पेठेतला (२१ मे, सकाळी ९:१५)

उधारीच्या धंद्यात स्पीकरचा डबा कसा लावणार, बागेत?

हिशेबनीस (२१ मे, सकाळी ११:३०)

सीए आहे, म्हणून कराचं बोलतो. हा भाग कुणी विचारत नाही आणि नंतर मार्च महिन्यात रडतात.

नोकराने केलेला अपहार हा धंद्यातलाच तोटा आहे आणि तो उत्पन्नातून वजा मिळतो. यावरचा गाजलेला निकाल आपल्या नागपूरकडचा आहे. बद्रीदास डागा यांच्या पेढीच्या मुंबईतल्या मुनीमाकडे मुखत्यारपत्र होतं. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्याने सट्ट्यातली स्वतःची देणी भागवायला पेढीच्या खात्यातून दोन लाखांवर रक्कम काढली. आयकर खात्याने वजावट नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५८ साली निकाल लागला: नोकर-मुनीम ठेवल्याशिवाय धंदा होत नाही, मग त्यांनी केलेली लबाडी हीदेखील धंद्याचीच जोखीम. पुढे १९६५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं, की असा तोटा ज्या वर्षी उघडकीस आला त्या वर्षी वजा द्यावा. म्हणजे द्राक्षवेल, तीन वर्षांपूर्वीचे पैसेही यंदाच्या हिशोबात येतील. मात्र कागद लागतील: खातेदारांची पत्रं, पावत्या, पोलिसांकडच्या अर्जाची पोच. पुढे त्यातलं जे वसूल होईल ते त्या वर्षीचं उत्पन्न.

दोन खाचखळगे. तुम्ही विक्रीच्या ठरावीक टक्क्याने नफा दाखवायच्या योजनेत रिटर्न भरत असाल तर हा तोटा वेगळा दाखवता येणार नाही. आणि जीएसटी तर बिल फाडलं तेव्हाच भरून झाला, पैसे बुडाले म्हणून तो परत मिळत नाही. रोकड नाही, माल चोरीला गेला असता तर उलट त्या मालाच्या खरेदीवरच्या जीएसटीचं घेतलेलं क्रेडिटही परत करावं लागलं असतं.

तर्री (२१ मे, सकाळी ११:३४)

म्हणजे १९४४ सालीही रमीच होता, फक्त मोबाइल नव्हता.

इचलकरंजी_लूम (२१ मे, दुपारी ३:०५)

आमच्या दिवाणजीने चेकवर माझ्या वडिलांची सही ठोकली होती. बँक म्हणते, तुम्ही पासबुक बघत नव्हता, आमची काय चूक? आम्ही गप्प बसलो.

हिशेबनीस (२१ मे, दुपारी ४:४८)

@इचलकरंजी_लूम, गप्प बसायला नको होतं. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन, सर्वोच्च न्यायालय, १९८७. कंपनीच्याच माणसाने ४२ चेकांवर साहेबांच्या खोट्या सह्या करून तीन लाखांवर रक्कम काढली होती. बँकेचं म्हणणं अगदी हेच, की खातेदाराने वेळच्या वेळी पासबुक का नाही तपासलं. कोर्टाने बँकेला पैसे भरायला लावले. खोटी सही म्हणजे खातेदाराचा आदेशच नाही. पण वडिलांनी कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवल्या असतील तर मात्र विषय संपला.

इचलकरंजी_लूम (२१ मे, दुपारी ४:५५)

...विषय संपला.

येवलेकर (२१ मे, संध्याकाळी ६:३०)

द्राक्षवेल, आम्ही शेजारचेच. आमच्याकडे एक पद्धत असते, चार माणसं बसवायची, भाऊच्या जमिनीचं गहाणखत नोटरी करून घ्यायचं आणि तोवर त्याला गोडाउनमध्ये बसवून ठेवायचं. दोन तासांत विषय मिटतो.

पायरीवरचा_वकील (२१ मे, संध्याकाळी ७:१०)

@येवलेकर, दोन तासांत विषय मिटत नाही, दोन तासांत तुम्ही आरोपी होता. गोडाउनमध्ये बसवून ठेवणं म्हणजे डांबून ठेवणं. त्याने घरी जाऊन स्वतःचं काही बरंवाईट केलं आणि चिठ्ठीत तुमचं नाव लिहिलं, तर १६ लाख बाजूलाच राहतील. हा माणूस जुगारात बुडालेला आहे, हे लक्षात ठेवा. बोलणं दिवसा करा, त्याच्या घरचे दोघं समोर ठेवा, आणि उठून जायची मोकळीक ठेवा.

नोटरी केलेलं गहाणखत हा निव्वळ कागद आहे. गहाणखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. त्याआधी सातबारा काढा आणि "इतर हक्क" वाचा. गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा असला तर तुमचा नंबर तिच्या मागे.

आता मेहुण्याच्या स्टँपबद्दल. घ्या, जरूर घ्या, पण मजकूर जपून. स्टँप आता पाचशेचा लागतो. त्यात "मी चोरी केली, मला माफ करा" असं नाटक नको. "आम्ही दोघांनी बसून खातेदारांच्या यादीप्रमाणे हिशोब तपासला, त्यात माझ्याकडून एवढी रक्कम दुकानाला देणे निघते, ती मी अशा हप्त्यांनी देईन" एवढंच. यादी सोबत जोडा, प्रत्येक पानावर त्याची सही. "मालक पोलिसांत जाणार नाही" हे वाक्य अजिबात लिहू नका. फिर्याद दाबण्याच्या मोबदल्यात केलेला करार कायद्यात टिकत नाही, आणि मग अख्ख्या कागदाला तडा जातो. मेहुणा जामीनदार म्हणून सही करणार असेल तर त्याचे स्वतःचे तारखा टाकलेले चेक घ्या. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांची मुदत, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. यात एक दिवस चुकला तरी वांधे.

वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण लबाडी लपवलेली होती, म्हणून ती उघडकीस आल्यापासून मोजतात. म्हणून ती साखरपुड्याची तारीख वहीत लिहून ठेवा. पत्रिका असेल तर तीही फायलीत लावा.

सोलापुरी_चादर (२१ मे, रात्री ८:००)

वकीलसाहेब, मग फिर्याद आधी की कागद आधी? फिरवून बोलू नका.

पायरीवरचा_वकील (२१ मे, रात्री ८:२५)

विचारलंत म्हणून सांगतो. कागद आधी, पण आठवड्याच्या आत. आठ दिवसांत सही आणि पहिली ठोस रक्कम आली नाही तर फिर्याद. महिनोन्‌महिने तडजोड करत बसलात तर पोलीसच विचारतील, इतके दिवस काय करत होता? आणि गुन्हा नोंदवल्यावरही दारं बंद होत नाहीत. नोकराने केलेल्या अपहाराचं प्रकरण कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, लोकअदालतीत ठेवता येतं. अनेकदा अटकपूर्व जामिनाच्या वेळी आरोपी स्वतःहून पैसे भरायची तयारी दाखवतो. पण कोर्ट तुमचा वसुली एजंट नाही, त्या आशेवर फिर्याद देऊ नका.

नव्या_पेठेतला (२२ मे, सकाळी ९:००)

विमा असतो ना याचा?

औषधवाला_मिरज (२२ मे, सकाळी ९:४०)

असतो. फिडेलिटी गॅरंटी म्हणतात, दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीतही घेता येतो. मी नंतर घेतला. म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप. त्यातही अटी वाचा: कळल्याबरोबर कंपनीला कळवायचं, पोलिसांत तक्रार हवी, आणि ठरल्याप्रमाणे हिशोब तपासत होतात हे दाखवायचं. तपासतच नव्हता असं निघालं तर क्लेमही अडकतो.

पमाताई (२२ मे, सकाळी ११:०५)

ते ११४३ नंबरचं पावती पुस्तक आलं कुठून, हे कुणी विचारलंच नाही. छापलं कुठे?

द्राक्षवेल (२२ मे, दुपारी १२:३०)

भाऊ म्हणतो नाशिकमध्ये कुठेतरी. हुबेहूब आहे हो, कागदही तोच. बघतो.

द्राक्षवेल (२७ जुलै, रात्री ९:१५)

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

शेवटचा आकडा १७ लाख ३५ हजार, ४६ खाती. वकीलसाहेबांच्या मजकुराप्रमाणे कागद केला, यादीच्या सहा पानांवर भाऊच्या सह्या. मेहुण्याने ४ लाख बँकेतून दिले आणि ५० हजारांचे सहा चेक. पहिले दोन वटले. भाऊच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा निघालाच, तिथे हात टेकले. चौथ्या आठवड्यात भाऊ घर सोडून कुठेतरी गेला, तेव्हा फिर्याद दिली. ठाण्यात खरोखर "दिवाणी आहे" म्हणाले. अर्जाची पोच मागितल्यावर साहेबांनी फाईल उघडली. गुन्हा नोंदवला आहे. भाऊ नंतर सापडला, नोटीस देऊन जबाब झाला, आता तो बहिणीकडे आहे. त्याच्या बायकोने फोन करून सांगितलं की फोन साधा बटणांचा घेऊन दिलाय.

थोडक्यात ५ लाख परत आले, २ लाखांचे चेक हातात आहेत. उरलेल्या १० लाख ३५ हजारांचं हिशेबनीस साहेबांनी सांगितल्याप्रमाणे बघतोय. आमचा नफा टक्केवारीने नव्हता, एवढं नशीब.

खातेदारांना सगळ्यांना बाकीचा मेसेज पाठवायला लागलो. त्यात नवीनच गंमत. सात जण म्हणाले, आम्हीही भाऊकडे दिलेत, पण पावती नाही. कुणाचं खरं मानायचं? एक आजोबा मात्र दुसऱ्या दिवशी एसटीने आले. देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवलेली पावती प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिली. हळदकुंकवाचा डाग होता तिच्यावर. नंबर १०१७.

बाकावरची (२७ जुलै, रात्री ९:३३)

नव्या माणसाला फंड भरताय का?

द्राक्षवेल (२७ जुलै, रात्री ९:४०)

चौघांना कायद्याने लागत नाही ताई. पण १९ हजारांवर घेतलाय, आणि वसुली आता ऑनलाइन किंवा दुकानातच.

पमाताई (२७ जुलै, रात्री ९:५२)

आणि माझं पावती पुस्तक?

द्राक्षवेल (२७ जुलै, रात्री १०:०६)

आमच्याच नेहमीच्या प्रेसमध्ये. दुकानात दहा पुस्तकं आली, बिल बाराचं होतं. जुन्या फायलीत सापडलं. त्यावर "पाहिले, रक्कम अदा करावी" असं लिहून सही केलेली आहे. अक्षर माझं.

तर्री (२७ जुलै, रात्री १०:०७)

फायलीत लावा. तुमच्याच विरुद्धचा पुरावा म्हणून.